ही वाट कोणाच्या रानातून जाते?

कोल्हापूर (प्रतिनिधी) : आषाढसरी सुरू झाल्या की पन्हाळगडाच्या राजदिंडीतून पावनखिंडीकडे निघणाऱ्या पदभ्रमंतीच्या तुकड्यांची रीघ लागते. सिद्दी जौहरचा वेढा भेदून शिवाजी महाराज जुलै १६६० मध्ये विशाळगडाकडे निघाले आणि बाजीप्रभू देशपांडे यांनी घोडखिंड लढविली, त्या रात्रीचे स्मरण म्हणून राज्याच्या कानाकोपऱ्यांतून हजारो तरुण ही वाट चालतात. म्हाळुंगे, मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, पांढरपाणी अशी सुमारे ५० किलोमीटरची ही चाल आहे. तिच्यामागील भावनेबद्दल कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. मात्र इतिहासाची तिथी आणि शेतीचे वेळापत्रक येथे एकमेकांत नेमके गुंतले आहे. ज्या पंधरवड्यात या तुकड्या निघतात, त्याच पंधरवड्यात पन्हाळा आणि शाहूवाडी तालुक्यांच्या या डोंगरपट्ट्यात भाताची रोप लावण चालू असते.

शहरातून आलेल्या माणसाला बांध म्हणजे दोन शेतांमधील पायवाट वाटते. शेतकऱ्याच्या लेखी तो पाण्याचा बंधारा असतो. डोंगरउतारावरील भाताची खाचरे पायऱ्यांसारखी एकाखाली एक असतात आणि प्रत्येक खाचरात वीतभर पाणी साठवून ठेवण्याचे काम हा मातीचा बांध करतो. पावसाने भिजलेल्या बांधावरून दोन-चार माणसे गेली तर काही बिघडत नाही. दोनशे-चारशे माणसे बूट घालून एकामागून एक गेली, की बांध खचतो, वरच्या खाचरातील पाणी खालच्यात उतरते आणि नुकत्याच लावलेल्या, अद्याप मूळ न धरलेल्या रोपांना सोबत घेऊन जाते. बांध निसरडा झाला की मागून येणारे चालणारे साहजिकच चिखलात उतरतात. तो चिखल म्हणजे बैल किंवा पॉवर टिलर लावून, दिवसभर राबून केलेली चिखलणी असते. शेजारच्या तुकड्यात पोपटी रंगाचा गालिचा दिसतो, त्यावर छायाचित्रासाठी उभे राहण्याचा मोह होतो. तो तरवा असतो, म्हणजे पुढे साऱ्या शेतात लावायची रोपे. तो तुडविला गेला तर त्या हंगामात दुसरा तरवा टाकून तयार होण्याइतका वेळ उरत नाही. या भागातील बहुतेकांची भातशेती गुंठ्यांत मोजावी इतकी लहान असते आणि पिकलेले भात बाजारात कमी, घरातील कणगीत अधिक जाते. ही बाब ध्यानी घेतली, म्हणजे 'नुसते चालत गेलो, त्यात काय बिघडले?' या प्रश्नाचे उत्तर मिळते.

हा प्रश्न केवळ पावनखिंडीच्या वाटेचा नाही. बर्की आणि राऊतवाडीचे धबधबे, गगनबावड्याचे कडे, रांगणा, भुदरगड, पारगड, दाजीपूरचे जंगल, चंदगड आणि आजऱ्याचे सडे अशा असंख्य ठिकाणी कोल्हापूरकर आणि बाहेरचे पर्यटक आता वर्षभर जातात. गाडी रस्त्याकडेला लावायची, समोर दिसेल त्या वाटेने वर चढायचे, पाण्याजवळ चूल मांडायची, जमल्यास तंबू ठोकायचा, अशी ही सहल असते. आपण कोणाच्या तरी जमिनीत उभे आहोत, हा विचार सहसा मनात येत नाही. डोंगर सरकारचा आणि सरकार आपले, असा काहीसा सोयीचा समज त्यामागे आहे. तो कायद्याने बहुतांशी चुकीचा आहे आणि व्यवहारात त्याहून अधिक.

माळरान दिसते एक, मालक अनेक

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० नुसार जी जमीन कोणाच्याही मालकीची नाही ती शासनाची. सार्वजनिक रस्ते, नद्या, ओढे, नाले, तळी यांचाही त्यात समावेश होतो. अर्थात धबधबा ज्या ओढ्यावर आहे तो ओढा शासनाचा असला, तरी ओढ्याचा काठ आणि तेथवर नेणारी वाट एखाद्याच्या सातबाऱ्यातील असू शकते. अनेक धबधब्यांच्या बाबतीत पर्यटक आणि ग्रामस्थ यांच्यातील वादाचे मूळ नेमके येथेच असते. पाणी सर्वांचे असते, पण पाण्यापर्यंत पोहोचणारी पन्नास पावले एका कुटुंबाची असतात.

जमिनीचा मालक कोण, हे सातबाऱ्यावरून कळते. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, तर बारा हा पिकांच्या नोंदीचा. दोन्ही मिळून सातबारा. शासनाच्या महाभूलेख संकेतस्थळावर गट क्रमांक टाकून तो कोणालाही पाहता येतो. अडचण अशी, की डोंगरात उभे राहून गट क्रमांक कळत नाही. डोळ्यांना सलग दिसणाऱ्या माळाचे कागदावर मात्र अनेक तुकडे असतात. वरचा कडा राखीव वन, त्याखालील पट्टा गावाचे गायरान, मधला गवताचा माळ चार भावांच्या सामाईक मालकीचा, झाडीचा गर्द पुंजका देवस्थानचा आणि खालची खाचरे वेगवेगळ्या खातेदारांची, असे चित्र सह्याद्रीच्या या भागात सर्रास आढळते.

यांतील प्रत्येक प्रकाराची रीत वेगळी आहे. राखीव वनात विनापरवाना शिरणे, जाळ करणे भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार गुन्हा ठरतो. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो. राधानगरी अभयारण्याचा दाजीपूरचा भाग पूर्वी कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे राखीव जंगल होता. संस्थान १९४९ मध्ये विलीन झाले, १९५८ मध्ये दाजीपूर गवा अभयारण्य घोषित झाले आणि १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन आजचे सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य आकारास आले. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ज्या भागांना युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत राधानगरीचाही समावेश आहे. येथे प्रवेशद्वारावर नोंद करून, शुल्क भरूनच आत जाता येते आणि पावसाळ्यात पर्यटकांचा प्रवेश बंद ठेवला जातो. चोरवाटेने आत गेल्यास कलम ५१ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. २०२२ च्या दुरुस्तीने या दंडाची मर्यादा २५ हजारांवरून एक लाख रुपयांवर नेली आहे. 'गेटवर कोणी नव्हते' हा बचाव वनाधिकारी मान्य करीत नाहीत आणि करण्याचे कारणही नाही.

देवस्थानच्या जमिनींचा विषय कोल्हापुरात विशेष महत्त्वाचा. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या अखत्यारीत कोल्हापूर, सांगली व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील तीन हजारांहून अधिक मंदिरे येतात आणि त्यांपैकी अनेकांच्या नावे शेतजमिनी आहेत. शिवाय गावोगावच्या देवराया आहेत. देवराईत लेखी परवानगीचा प्रश्न क्वचितच येतो, परंतु गावचे नियम कडक असतात. काही ठिकाणी पादत्राणे बाहेर काढावी लागतात, काही ठिकाणी पडलेली काटकीही उचलत नाहीत. पुजारी किंवा गुरव यांना विचारल्याशिवाय आत जाऊ नये आणि आत मद्य व मांसाहार तर नकोच. गायरान हे गावाच्या गुरांसाठी राखून ठेवलेले असते, त्याची देखरेख ग्रामपंचायतीकडे असते. तेथे रात्रीचा मुक्काम करायचा तर सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकारी यांच्याशी बोलणे योग्य.

मसाई पठारासारखा माळ अलीकडे संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला आहे. वन्यजीव कायद्यातील कलम ३६-अ नुसार असे क्षेत्र शासकीय मालकीच्या जमिनीवर, स्थानिकांशी सल्लामसलत करून घोषित करता येते. जांभ्या खडकाच्या या सड्यावर मातीचा थर बोटभर असतो. भाद्रपदात त्याच थरावर सीतेची आसवे, तेरडा आणि गवतफुले उमलतात. चिखलात मोटार घालून गोल गोल फिरविण्याची हौस तेथे काही मंडळी भागवितात. चाकांनी उखडलेला तो थर पुन्हा तयार व्हायला किती काळ लागतो, याची त्यांना कल्पना असती तर कदाचित ती मैदानावर गेली असती.

गडांच्या बाबतीतही असाच गैरसमज आहे. पन्हाळा केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे आणि जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत त्याचा समावेश झाला. पण पन्हाळा हे एक नांदते गावही आहे, त्याला नगरपरिषद आहे, लोकांची घरे आणि परसे आहेत. चंदगड तालुक्यातील पारगडावर तर शिवकाळापासूनची वस्ती टिकून आहे. तटबंदीच्या आत दिसणारी प्रत्येक भिंत ऐतिहासिक अवशेष नसते. कधी ते कोणाचे तरी मागील दार असते.

वहिवाट कोणाची?

'पण ही तर जुनी वाट आहे', असे भटकंती करणारे हमखास सांगतात. यात तथ्य असते, तथापि वाट जुनी असणे आणि तिच्यावर आपला हक्क असणे या दोन भिन्न गोष्टी होत. भूमी अभिलेख खात्याच्या गाव नकाशावर एका गावाहून दुसऱ्या गावास जाणारे रस्ते दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखविलेले असतात. असे रस्ते सार्वजनिक. नकाशावरील पायमार्गाची रुंदी साधारण सव्वाआठ फूट धरली जाते. दोन शेतांमधील पाणंदही पुष्कळदा याच प्रकारची असते आणि तीवरून कोणीही जाऊ शकतो.

नकाशावर नसलेल्या वाटांची गोष्ट निराळी. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ नुसार दुसऱ्याच्या जमिनीतून वीस वर्षे उघडपणे, विनाअडथळा आणि हक्क म्हणून ये-जा केल्यास वहिवाटीचा हक्क प्राप्त होतो. मात्र तो आपल्या स्वतःच्या जमिनीच्या उपभोगासाठी ती वाट वापरणाऱ्याला मिळतो. पलीकडे ज्याचे शेत आहे त्याचा तो हक्क. शेताकडे जाण्यासाठी रस्ता मिळवून देणारे महसूल अधिनियमाचे कलम १४३ आणि अडविलेला रस्ता मोकळा करून देणारा १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम, या दोहोंचा आधारही शेतकऱ्यासाठी आहे. पुण्याहून वर्षातून एकदा येणाऱ्या पर्यटकाला त्यातून काही मिळत नाही.

मग पर्यटक त्या वाटेने कोणत्या आधारावर जातो? उत्तर आहे, मालकाच्या अनुमतीवर. कायद्याच्या परिभाषेत तिला लायसन्स म्हणतात. याच १८८२ च्या अधिनियमात तिची व्याख्या आहे. ती लेखी असावी असे बंधन नाही, तोंडी चालते, किंबहुना मालकाच्या वर्तनातूनही ती गृहीत धरता येते. वर्षानुवर्षे लोक जातात आणि मालक हरकत घेत नाही, तेव्हा ती मूक संमतीच असते. परंतु अनुमती मिळाली म्हणून जमिनीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. एकाला दिलेली अनुमती दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही, म्हणजे मागील वर्षी आलेल्या गटाला शेतकऱ्याने हो म्हटले होते, यावर यंदाच्या गटाने विसंबून चालत नाही. आणि सर्वसाधारणपणे मालक ती केव्हाही मागे घेऊ शकतो. मागे घेतल्यावर बाहेर पडण्यास वाजवी वेळ मिळावा, पैसे घेऊन मुदतीआधी हुसकावले तर भरपाई मागता यावी, एवढेच संरक्षण कायदा पाहुण्याला देतो.

ही मूक संमती हाच आपल्याकडील डोंगरभटकंतीचा खरा पाया आहे. तिची कोठे नोंद नाही आणि तिला कोणते शुल्क नाही. ती टिकते ती केवळ शेतकऱ्याच्या सोशिकपणावर. चार वर्षे पाण्याच्या बाटल्या उचलल्यावर, दोनदा बांध घातल्यावर एके दिवशी तो वाटेवर काटेरी फांद्या टाकतो आणि ती वाट बंद होते. तिच्यासाठी कोणत्याही कार्यालयात दाद मागता येत नाही. घाटमाथ्यावर जमिनी विकल्या जाऊन तारेची कुंपणे पडू लागली आहेत, हे वाटा बंद होण्याचे एक कारण खरेच. परंतु पर्यटक त्याबद्दल जितक्या तावातावाने बोलतात, तितके आपल्या पायांनी बंद पाडलेल्या वाटांबद्दल बोलत नाहीत.

गुन्हा केव्हा होतो?

दुसऱ्याच्या जमिनीत नुसते पाऊल टाकले म्हणजे पोलीस पकडतात, असे मात्र नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ नुसार फौजदारीपात्र अतिक्रमण होण्यास गुन्हा करण्याचा किंवा कब्जेदारास धाक घालण्याचा, त्याचा अपमान करण्याचा वा त्रास देण्याचा उद्देश असावा लागतो. त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत दंडाची रक्कम पाचशे रुपये होती. वाट चुकून शेतात आलेला माणूस यात सापडत नाही. पण याच कलमात आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे दुर्लक्ष होते. प्रवेश कायदेशीर असला, तरी त्याच उद्देशाने तेथे बेकायदा थांबून राहणे हेही अतिक्रमणच ठरते. 'बाहेर व्हा' असे मालकाने सांगितल्यावर हुज्जत घालत, मोबाइलवर त्याचे चित्रीकरण करत तेथेच थांबणारा गट या व्याख्येच्या बराच जवळ जातो. पिकाची नासधूस केल्यास कलम ३२४ खाली वेगळा गुन्हा होऊ शकतो. दिवाणी नुकसानभरपाईचा मार्ग तर मालकाला नेहमीच मोकळा असतो.

याखेरीज जिल्हा प्रशासनाचे आदेश असतात. पावसाळ्यात धोकादायक धबधबे व धरणे येथे जाण्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली मनाई केली जाते. पूर्वी हे कलम १४४ म्हणून सर्वांना परिचित होते. जुलै २०२४ मध्ये गजापूर येथे झालेल्या हिंसाचारानंतर विशाळगड परिसरातही असे निर्बंध आले होते. तेव्हा निघण्यापूर्वी त्या आठवड्यातील आदेशाची चौकशी करणे इष्ट.

विचारायचे कोणाला?

सरपंचांना फोन केला की काम झाले, असे आयोजकांना वाटते. ग्रामपंचायत आपल्या ताब्यातील जागेपुरती संमती देऊ शकते, खासगी शेतजमिनीबद्दल नाही. तसेच महाराष्ट्राच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे केलेली नोंदणी ही आयोजकाची पात्रता व सुरक्षिततेची व्यवस्था यांच्याशी संबंधित आहे. ती दाखवून कोणाच्या रानात शिरता येत नाही.

नुसते ओलांडून जायचे असेल, तर जो माणूस त्या शेतात काम करीत आहे त्याला विचारावे. सातबाऱ्यावर पाच नावे असतील, पैकी तिघे मुंबईत किंवा इचलकरंजीत असतील. प्रत्यक्ष कसणारा एकच असतो आणि त्याचा शब्द त्या दिवसापुरता पुरेसा असतो. रात्रीचा मुक्काम, तंबू, शेकोटी, चित्रीकरण किंवा मोठा गट असेल, तर मात्र सर्व सहहिस्सेदारांची संमती आहे ना, हे स्पष्ट विचारावे आणि दोन ओळींचा का होईना कागद करावा. तारीख, माणसांची संख्या, गाड्या कोठे लावायच्या, जाळ करायचा की नाही, शौचाची व्यवस्था काय आणि किती पैसे ठरले, एवढे त्यात आले की पुढील वाद टळतात. कोणाची जमीन हेच समजत नसेल, तर तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हटले जाते, किंवा पोलीस पाटील यांच्याकडून ते कळते. वनक्षेत्रासाठी त्या भागाचे परिक्षेत्र वन अधिकारी.

पैशांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. प्रत्येक सहभागीकडून शुल्क घेऊन पदभ्रमंती आयोजित करणे हा आता एक व्यवसाय झाला आहे आणि त्यात गैर काही नाही. परंतु ज्याच्या बांधावरून हा व्यवसाय चालतो त्याला त्यातील एक रुपयाही मिळू नये, हे न्याय्य नव्हे. काही वाड्यांत पाहुण्यांच्या भोजनाची आणि मुक्कामाची व्यवस्था ग्रामस्थ करतात, त्यातून घरटी उत्पन्न मिळते. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाने अशा शेतकऱ्यांना नोंदणीचा मार्गही खुला केला आहे. जेथे असे संबंध जुळले आहेत, तेथे वाट अडविली जात नाही, उलट वाट दाखवायला माणूस सोबत येतो.

एकट्या-दुकट्या भटक्यासाठी तर इतका खटाटोपही नको. कोल्हापूरच्या ग्रामीण भागात विचारणाऱ्याला सहसा नकार मिळत नाही. वयाप्रमाणे 'मामा', 'आबा', 'मावशी' अशी हाक मारून 'तुमच्या बांधावरनं गेलो तर चालंल का?' एवढे विचारले, की 'जावा की, पर तरव्यात पाय घालू नगासा,' असे उत्तर येते. पाठोपाठ 'कुठलं गाव म्हणायचं?' ही चौकशी होते आणि पुष्कळदा चहाही. ही चौकशी म्हणजे संशय नव्हे. आपल्या रानात कोण आले आहे हे जाणून घेण्याची ती रीत आहे. तिला तुटक उत्तर देणारा पाहुणा तेथेच आपली पत गमावतो.

गुऱ्हाळाचे उदाहरण याच जातीचे. हिवाळ्यात करवीर, पन्हाळा, कागल परिसरात रस्त्यालगत गुऱ्हाळे धुरावताना दिसतात. दारात उभे राहून विचारणाऱ्याला रसाचा पेला आणि हातावर गरम गुळाचा खडा मिळतोच मिळतो. न विचारता थेट आत घुसून उकळत्या काहिलीशेजारी छायाचित्रे काढणाऱ्यावर मात्र गुळव्या खेकसतो आणि ते योग्यच आहे, कारण तेथे पाय घसरला तर भाजण्याला सीमा नसते. उसाचेही तसेच. मागितल्यावर चार कांडी ऊस कोणीही देईल. रस्त्याकडेच्या फडातून न विचारता मोडून घेणे ही चोरीच.

सुरक्षिततेच्या दृष्टीनेही विचारणे हिताचे आहे. राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड भागात गवे, रानडुकरे आणि हत्ती यांच्यापासून पीक वाचविण्यासाठी शेतकरी कुंपणे घालतात. शासनमान्य सौर कुंपणाचा झटका जीव घेत नाही. पण काही ठिकाणी बेकायदा थेट वीजप्रवाह सोडलेल्या तारा लावल्या जातात आणि राज्यात त्यामुळे माणसांचे बळी गेले आहेत. अशा तारा लावणे गुन्हा आहे, हे निर्विवाद. मात्र अंधारात अनोळखी शिवारात शिरणाऱ्याला त्या ज्ञानाचा उपयोग होत नाही. सायंकाळी शेवटच्या घरी थांबून पुढील वाटेची चौकशी करणाऱ्याला कोणते रान टाळायचे ते कळते. शिवाय रात्री परतला नाही तर तो कोणत्या दिशेने गेला, हे सांगणारा एक साक्षीदार गावात असतो.

इतर देशांत काय आहे?

अन्य देशांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडविला आहे. स्वीडनमध्ये कोणालाही कोणाच्याही रानातून चालण्याचा पूर्वापार हक्क आहे आणि १९९४ पासून राज्यघटनेतही त्याचा उल्लेख आहे. पण घराच्या आवाराजवळ जाणे व उभ्या पिकातून चालणे त्यात बसत नाही. स्कॉटलंडने २००३ च्या कायद्याने असाच हक्क दिला, तोही जबाबदारीने वागण्याच्या अटीवर, आणि पेरलेले शेत त्यातून वगळले. इंग्लंडमध्ये १९३२ साली किंडर स्काउट या खासगी शिकारीच्या माळावर सुमारे चारशे जणांनी सामूहिक प्रवेश केला, पाच जण तुरुंगात गेले आणि पुढे १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला. तेथील लढा मात्र बड्या जमीनदारांविरुद्ध होता. आपल्याकडे बांधापलीकडे उभा असतो तो अल्पभूधारक, हा फरक विसरून ते उदाहरण येथे देता येत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागाचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे वाटावे. मैलोन्मैल माणूस दिसत नाही अशा त्या प्रदेशाला आपण निर्मनुष्य म्हणू. पण तेथील गुरांचे मळे दीर्घ भाडेपट्ट्याने दिलेले आहेत. दक्षिण ऑस्ट्रेलियातील ॲना क्रीक हा एकच मळा कोल्हापूर जिल्ह्याच्या सुमारे दुप्पट आहे. उत्तर प्रांतात १९७६ च्या कायद्याने मूळनिवासींना परत मिळालेल्या जमिनींत शिरण्यास त्यांच्या भूमी परिषदेचा परवाना लागतो. मूळनिवासींनी पवित्र मानलेल्या उलुरू या महाकाय खडकावर चढणे ऑक्टोबर २०१९ पासून बंद झाले. तेथील प्रवासी एक नियम पाळतात. वाटेतील फाटक उघडे असेल तर उघडे ठेवायचे, बंद असेल तर बंद करून जायचे. कारण उघडे फाटक बंद केले तर गुरे पाण्यापासून तुटतात आणि बंद फाटक उघडे ठेवले तर ती भलतीकडे जातात. आपल्याकडील कुंपणातील कवाडाला हाच नियम लागू पडतो. कवाड लोटून आत गेल्यावर मागे वळून ते लावण्याचे भान किती जणांना असते, हे दिवाळीनंतर, रब्बी पिकांच्या दिवसांत कोणत्याही शेतकऱ्याला विचारून पाहावे.

नकार मिळाला तर?

तो क्वचित मिळतो, पण मिळतो. कधी लावण नुकतीच झालेली असते, कधी भावाभावांत वाद चालू असतो आणि कोणाला आत येऊ देणे हेच पुराव्यासारखे वापरले जाण्याची भीती असते. कधी घरात सुतक असते. माघ-फाल्गुनात वाळलेल्या गवताच्या माळावर नकार आला, तर त्यामागे वणव्याची धास्ती असते. ते गवत म्हणजे जनावरांची उन्हाळ्याची वैरण आणि एका सिगारेटच्या थोटकाने ती तासाभरात राख होते. कारण सांगण्याचे बंधन मालकावर नाही आणि ते खोदून विचारण्याचे प्रयोजनही नाही. अशा वेळी वळसा घालून पाणंदीने किंवा डांबरी रस्त्याने जावे. पावनखिंडीच्या वाटेवर बहुतेक वाड्या आता रस्त्याने जोडल्या गेल्या आहेत, त्यामुळे लावणीच्या दिवसांत मोठ्या गटांना हा पर्याय सहज उपलब्ध आहे. काही अंतर वाढते. आयोजकांनी वेळापत्रकात दीड-दोन तासांची भर आधीच धरली आणि सहभागींना तसे कळविले, तर रात्री भरपावसात बांधावरून धावपळ करण्याची वेळ येत नाही. ज्यांना जुन्या पायवाटेनेच जायचे आहे, त्यांनी भात कापणीनंतर, मार्गशीर्षात निघावे. खाचरे तेव्हा कोरडी असतात, बांध टणक असतो, मसाई पठारावर थंड वारा असतो आणि खळ्यावर बसलेल्या माणसाला चार शब्द बोलायला वेळही असतो.